कोणाची हरकत असल्यास

घराण्याची ढाल मिळवायला पूर्वी रणात पराक्रम गाजवावा लागे, निदान राजाची मर्जी तरी सांभाळावी लागे. आता बटण दाबावं लागतं. बटण दाबलं की स्क्रीनवर ढाल उमटते: हिरव्या जमिनीवर तीन चंदेरी घुबडं. घुबडं पसंत नसतील तर पुन्हा दाबा, लाल जमिनीवर सोनेरी करवत येईल. अजून एकदा दाबलं तर नांगर, आणि नांगराच्या डोक्यावर, ब्रह्मदेवालाही कारण सांगता येणार नाही असा, एक मासा.

अशा प्रोग्रामांच्या मुख्यतः दोन जाती आहेत. कल्पित देशांचे नकाशे बनवणाऱ्या, 'आझगार' हे टोपणनाव घेतलेल्या प्रोग्रामरचा 'आर्मोरिया' हा पहिल्या जातीचा. नसलेल्या राज्यांच्या नसलेल्या सरदारांना तो पाहिजे तितक्या ढाली पुरवतो. 'ड्रॉशील्ड' दुसऱ्या जातीचा. ढालीचं वर्णन आपण शब्दांत लिहून द्यायचं, मग तो चित्र काढून देतो. पहिल्याला नशीब लागतं, दुसऱ्याला व्याकरण.

निवृत्तीनंतर लोक शेअर बाजार करतात किंवा नर्मदा परिक्रमा करतात. मी ढाली करतो. ह्या नादाला मला माझ्या भाच्याने लावलं. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि मामाचा मेंदू गंजू नये ह्याची जबाबदारी त्याने आपणहून घेतली आहे. शब्दकोडी नकोत म्हटल्यावर त्याने हे खेळणं आणून दिलं आणि दोन-तीन प्रोग्राम लावून दिले. त्यांची नावं मी सांगणार नाही. त्यांनी मला जो मनस्ताप दिला तो घरातल्या घरात राहिलेला बरा.

युरोपातल्या ढालींच्या ह्या विद्येला हेराल्ड्री म्हणतात. ढालीचं शब्दांतलं जे वर्णन, त्याला म्हणायचं ब्लेझन. ते लिहिण्याचा क्रम ठरलेला. आधी ढालीची जमीन कोणत्या रंगाची ते सांगायचं, मग तिच्यावरची मुख्य आकृती, मग बाकीचा लवाजमा. रंगांची नावं जुन्या फ्रेंच वळणाची: सोनेरी तो ऑर, चंदेरी तो आर्जंट, लाल ग्यूल्स, निळा अझ्युअर, काळा सेबल, हिरवा व्हर्ट, जांभळा पर्प्युअर. इंग्लंडच्या राजाचे तीन सिंह लाल जमिनीवर, सोनेरी, एकाखाली एक, चालताना तोंड आपल्याकडे वळवलेले. हे सगळं ब्लेझनमध्ये एका ओळीत बसतं. हे पाहून भाचा म्हणाला, "मामा, हा तर सरळ कोड आहे! आठशे वर्षांपूर्वी ह्यांनी प्रोग्रामिंगची भाषा काढून ठेवली, फक्त संगणक तेवढा राहिला."

त्याचं म्हणणं मला पहिल्या दिवशी पटलं. दुसऱ्या दिवसापासून अडचणी सुरू झाल्या.

ब्लेझन लिहिणाऱ्यांना एकच रंग दोनदा उच्चारायचा कंटाळा असे. मग ते 'पहिल्याचा', 'दुसऱ्याचा' असं लिहीत. म्हणजे पहिल्यांदा उल्लेख झाला त्या रंगाचा. आपल्या खरेदीखतात एकदा गट नंबर आणि चतुःसीमा सांगितल्या की पुढे सगळीकडे 'सदरहू मिळकत' येते, तसं. १५९६ मध्ये जॉन शेक्सपियर यांना, म्हणजे नाटककाराच्या वडिलांना, ढाल मंजूर झाली, तिचं ब्लेझन असंच आहे: सोनेरी जमिनीवर काळा तिरका पट्टा आणि पट्ट्यावर 'पहिल्याचा' भाला, टोक चंदेरी. पहिला रंग सोनेरी, म्हणून भाला सोनेरी. माणसाला हे कळतं. मी ही ओळ एका प्रोग्रामला घातली, तेव्हा त्याने भाला काळा केला आणि काळ्या पट्ट्यावर ठेवला. अंधारात काळं मांजर शोधावं तसा मी भाला शोधत बसलो. नुसतं चंदेरी टोक अधांतरी चमकत होतं.

त्याच कागदपत्रांत एक स्वल्पविरामही गाजलेला आहे. शेक्सपियर घराण्याचं बोधवाक्य 'अधिकाराशिवाय नव्हे' अशा अर्थाचं. मसुद्यात कारकुनाने 'नव्हे'पाशी स्वल्पविराम टाकला, आणि तो धरून वाचलं तर अर्थ होतो, 'नाही, अधिकाराशिवाय!' जणू अर्जावर मारलेला नामंजुरीचा शेराच. बेन जॉन्सनने पुढे एका नाटकात अशाच एका हौशी ढालकऱ्याला 'मोहरीशिवाय नव्हे' असं बोधवाक्य देऊन टोमणा मारला, आणि तो शेक्सपियरलाच होता असं पुष्कळांना वाटतं. तेव्हा एका चिन्हाने अर्थ उलटा करायचं काम संगणकाच्या कितीतरी आधी माणसाच्या हाताने करून ठेवलेलं आहे. फरक एवढाच की कारकुनाची चूक पुढच्या माणसाने गालातल्या गालात हसून दुरुस्त केली. यंत्र हसत नाही आणि दुरुस्तही करत नाही, ते अंमलबजावणी करतं.

पण माझा खरा विरस झाला तो सिंहाच्या शेपटीने.

ब्लेझन सिंहाविषयी बरंच सांगतं. मागच्या पायावर उभा राहून पंजे उगारलेला आहे, चालतो आहे, की बसला आहे. तोंड समोर आहे की मागे वळलेलं. नखं नि जीभ कोणत्या रंगाची. जे सांगत नाही ते मात्र त्याहून जास्त आहे. आयाळीचे झुपके किती, कंबर किती बारीक, शेपटीचा गोंडा आत वळलेला की बाहेर, चेहऱ्यावर राग आहे की नुसताच भूक लागल्याचा भाव, ह्याबद्दल ब्लेझन चकार शब्द काढत नाही. तो विसराळूपणा नव्हे. तिथे चितारी येऊन बसणार आहे हे धरूनच ती जागा मोकळी ठेवलेली असते. एकाच ब्लेझनवरून दोन चिताऱ्यांनी दोन वेगळे सिंह काढले तरी ढाल एकच मानली जाते. चौदाव्या शतकातला सिंह काटक आणि धारदार असतो. एकोणिसाव्या शतकातला भरल्या पोटाचा, जरा पेन्शनीत निघाल्यासारखा दिसतो. दोघेही बरोबर.

संगणकाला मोकळी जागा सोसत नाही. न सांगितलेलं काहीही त्याला आधी ठरवून ठेवावं लागतं, ह्यालाच डीफॉल्ट म्हणतात. त्यामुळे त्याच्याकडे एक सिंह असतो, आणि तो एकच असतो. मी एका सरदारासाठी काढला तोच दुसऱ्यासाठी येतो, फक्त रंग बदलून. शंभर घराण्यांचे शंभर सिंह काढले तर शेपटीचा गोंडा शंभर वेळा त्याच कोनात. इंग्रजी परंपरेत सिंहाची नखं आणि जीभ, काही सांगितलं नसेल तर, लाल धरतात. पण सिंह स्वतःच लाल असेल किंवा लाल जमिनीवर असेल तर ती निळी करतात. हे चिताऱ्याला उस्तादाकडून कळायचं. एका प्रोग्रामच्या कानावर ते गेलेलं नव्हतं. त्याच्या लाल सिंहाला लालच जीभ होती, म्हणजे दिसायला जीभच नव्हती. डरकाळी फोडण्याऐवजी तो दातांच्या डॉक्टरांसमोर आ करून बसला आहे असं वाटे.

रंगांचंही तेच. ब्लेझनला 'निळा' एवढं पुरतं, आकाशी की शाईचा ही चौकशी नाही. छपाईत रंग नव्हते तेव्हा लोकांनी रंगाशिवायही भागवलं. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता ह्या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या पुस्तकातून रूढ झालेली पद्धत अशी: ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची फरशी थडग्यांच्या दगडांची आहे, आणि त्या दगडांवर पोर्तुगीज घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत. लोकांच्या पावलांखाली झिजणाऱ्या त्या ढालींना रंगाचा टिपूसही नाही, तरी त्या ढाली आहेतच. संगणक मात्र निळ्याला सहा आकडी-अक्षरी क्रमांक दिल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि प्रत्येक प्रोग्रामचा निळा निराळा. सोन्याची तर दैना. कुठे ते हळदीचं दिसतं, कुठे मोहरीचं, कुठे टॅक्सीच्या टपाचं.

मग डाव्या-उजव्याचा घोळ आला. हेराल्ड्रीत ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणजेच बघणाऱ्याची डावी. मी 'उजव्या कोपऱ्यात तारा' असं लिहिलं आणि तारा डावीकडे आला. चूक प्रोग्रामची म्हणून मी भाच्याला फोन केला, तर ह्या खेपेला प्रोग्राम बरोबर होता. पण त्याच प्रोग्रामने पुढच्या ढालीत तिरका पट्टा भलत्याच खांद्यावरून उतरवला. एकदा उजवं मालकाचं, एकदा बघणाऱ्याचं. भाचा म्हणाला, हा कोड दोघांनी लिहिलेला असणार. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. ह्या विद्येतली डावी-उजवी ढालीच्या मागे माणूस उभा आहे असं धरून ठरलेली आहे. चित्र सपाट आहे, पण त्याच्या मागे एक हात आहे, खांदा आहे, घाम आहे. स्क्रीनच्या मागे बघायला गेलं तर वायरी असतात.

चिताऱ्यासाठी जागा मोकळी ठेवलेली, धरणाऱ्यासाठी डावी-उजवी ठरलेली. आणि बघणाऱ्यासाठी? त्याच्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध नियम आहे. सोनेरी आणि चंदेरी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. लाल जमिनीवर निळा पक्षी लांबून दिसत नाही, सोन्यावर चांदी चमकत नाही, असं सरळ व्यवहारी कारण. प्रोग्रामना हा नियम फार आवडतो, कारण तो तपासायला सोपा. जरा मोडला की पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह.

जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची ढाल मी लिहून पाहिली: चंदेरी जमिनीवर सोनेरी मोठा क्रूस आणि भोवती चार लहान सोनेरी क्रूस. धातूवर धातू, तोही पाचदा. त्रिकोण आला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की हा नियमभंग पाहणाऱ्याने थांबून 'असं का?' विचारावं म्हणून असतो. अशा ढालींना फ्रेंच लोक चौकशी करायला लावणाऱ्या ढाली म्हणत. प्रश्न विचारला की उत्तर तयार: हे राज्य इतरांसारखं नाही, म्हणून ह्याची ढालही इतरांसारखी नाही. नियम सगळ्यांना पाठ आहे अशी खात्री असली तरच तो मोडण्यात मौज. पिवळ्या त्रिकोणाला चूक आणि चौकशी ह्यांतला फरक करता येत नाही.

हल्ली चित्रं काढणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही ह्या धंद्यात उतरली आहे. तिचा स्वभाव उलटा. ब्लेझन वाचणाऱ्या प्रोग्रामला व्याकरण येतं, देखणेपण येत नाही. हिला देखणेपण येतं, व्याकरणाचा गंध नाही. तिची ढाल बघताक्षणी राजवाड्यातून आणल्यासारखी वाटते. मग हळूहळू ध्यानात येतं की सिंहाला पंजे पाच आहेत आणि खालच्या फितीवरचं लॅटिन हे लॅटिनसारखं दिसणारं काहीतरी आहे. दोन सिंह मागितले तर ती तिसरा पदरचा घालते. लग्नाच्या आहेरात हे चालतं, ढालीत नाही.

वाघाची गोष्ट तर सांगायलाच हवी. हेराल्ड्रीतला जुना वाघ आणि आपला वाघ ह्यांचा काही संबंध नाही. युरोपातल्या ज्या चिताऱ्यांनी तो घडवला, त्यांनी वाघ पाहिलेला नव्हता. त्यांच्या वाघाला लांडग्याचं अंग, सिंहाची शेपूट, मानेवर केसांचे झुपके आणि खाली वाकलेलं टोकदार नाक असतं. पट्टे नाहीत. ह्या वाघिणीची पिल्लं चोरायची तर तिच्यापुढे आरसा टाकावा, ती आपलंच रूप पिल्लू समजून बघत बसते, अशी समजूत होती. त्यामुळे आरशात बघणारा वाघही ढालींवर सापडतो. पुढे हिंदुस्थानातून आलेल्या साहेबांना खरा पट्टेरी वाघ हवा झाला, तेव्हा त्याला 'बंगालचा वाघ' असं वेगळं नाव द्यावं लागलं. शेजारच्या वाघ आडनावाच्या मुलाला मी मोठ्या उत्साहाने ढाल करून दिली आणि नुसतं 'वाघ' लिहिलं. जे जनावर निघालं ते पाहून मुलगा म्हणाला, "काका, ह्याला बरं नाहीये का?"

पण माझ्या आवडीची ढाल आपल्या मुंबईची आहे. जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ मध्ये बॅरोनेट केलं गेलं. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या ढालीवर निळ्या जमिनीत वर दोन उडत्या मधमाश्या आहेत, आणि खाली घाटामागून उगवणारा सूर्य. घाट म्हणजे आपला सह्याद्री, ब्लेझनमध्ये नाव घेऊन लिहिलेला. वर शिरोभागी गव्हाच्या रोपांत उभा असलेला, चोचीत लोंबी धरलेला मोर. बोधवाक्य उद्योग आणि औदार्य. मधमाशी उद्योगाची, बाकीचं सगळ्या मुंबईला ठाऊक. त्यांच्या देणगीतलं इस्पितळ आणि कलाशाळा आजही त्यांच्याच आद्याक्षरांनी ओळखली जातात. ह्या ढालीत भूगोलही चोख आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर सूर्य घाटामागूनच उगवतो.

ही ओळ मी प्रोग्रामला दिली. मधमाश्या आल्या. सूर्य आला. घाट मात्र त्याच्या शब्दसंग्रहात नव्हता. त्याने नम्रपणे विचारलं, तुम्हाला 'गोट' म्हणायचं आहे का? मी घाईत हो म्हटलं असावं, कारण पुढच्या क्षणी निळ्या ढालीच्या तळाशी एक दाढीवाला बोकड उभा राहिला आणि त्याच्या पाठीमागून सूर्य उगवला. सह्याद्रीचा एवढा अपमान औरंगजेबालाही जमला नव्हता.

यंत्राच्या नावाने बोटं मोडताना माणसांनीही हा कारखाना चालवला होता हे विसरून चालणार नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरला आणि राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना संस्थानिकांना काहीतरी भव्य द्यायचं होतं. ठरलं की प्रत्येकाला रेशमी निशाण द्यायचं आणि त्यावर युरोपी थाटाची ढाल. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधले रॉबर्ट टेलर हे ह्या विषयातले हौशी गृहस्थ. त्यांच्यावर काम सोपवलं गेलं, आणि त्यांनी राजघराण्यांच्या उत्पत्तीच्या कथा, मोगलांशी आणि इंग्रजांशी आलेले संबंध असा मसाला घेऊन एकामागून एक ढाली पाडल्या. निशाणं पाच फूट लांब-रुंद आणि अशी जड झाली की एक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर शिपाई लागत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. मराठी संस्थानिकांकडे जरीपटका होता, शिक्के होते, घराण्यांची देवकं होती. आपली ढालही गोल, मधे चार फुलं ठोकलेली. तिच्या जागी एकदम इस्त्रीच्या आकाराची टोकदार ढाल हातात आली. 'आमचं चिन्ह कसं असावं' हे विचारण्याचा प्रघात त्या समारंभात फारसा नव्हता. टेलरसाहेब हुशार होते, अभ्यासू होते. तरीपण संस्थानिकांची यादी एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ढाली काढायच्या, ह्या कामाचं स्वरूप मला ओळखीचं वाटतं.

ढाल आपली कधी होते, हा प्रश्न मग मला सतावू लागला. उत्तर एका जुन्या खटल्यात सापडलं.

१३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा फौजेत दोन सरदारांची ढाल एकच निघाली. बोल्टनचे सर रिचर्ड स्क्रोप आणि चेशायरचे सर रॉबर्ट ग्रोव्हनर. दोघांचीही जमीन निळी, दोघांचाही पट्टा सोनेरी आणि तिरका. प्रकरण १३९० पर्यंत चाललं. शेकडो साक्षी झाल्या. कवी जेफ्री चॉसरने साक्ष दिली की, लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर मी ही ढाल टांगलेली पाहिली आणि स्क्रोप मंडळी इथे उतरली आहेत का विचारलं, तर ती ग्रोव्हनर नावाच्या कुणाची असल्याचं कळलं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. त्याआधी कॉर्नवॉलचे कारमिनो नावाचे गृहस्थही ह्याच ढालीवरून स्क्रोपशी भांडले होते. स्क्रोप म्हणत, आमची ढाल विल्यम राजा इंग्लंडात आला तेव्हापासूनची. कारमिनो म्हणत, आमची राजा आर्थरपासूनची. ग्रोव्हनर हरले. आधी त्यांना चंदेरी काठ लावून वापरा म्हणून सांगितलं, मग राजाने तेही नाकारलं, काठ लावून भागायला तुम्ही काही त्यांचे नातेवाईक नाही म्हणून. शेवटी त्यांनी सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पण मनातून ढाल गेली नाही. त्यांचे वंशज ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या घोड्याने १८८० ची डर्बी जिंकली, तेव्हा त्या घोड्याचं नाव होतं 'बेंड ऑर', म्हणजे सोनेरी तिरका पट्टा. गंमत म्हणजे त्या घोड्यावरही हरकत आली की हा बेंड ऑर नव्हेच, दुसराच घोडा आहे. ती फेटाळली गेली.

आता हिशेब करा. धातू दोन, रंग पाच. नियम पाळून जमीन आणि आकृती ह्यांच्या जोड्या होतात वीस. पट्टा, क्रूस वगैरे आठ ठळक आकार धरले तर ढाली झाल्या एकशे साठ. म्हणजे सर्वांत साध्या ढालींचं बटण एकशे साठदा दाबलं की सरासरीने एकदा स्क्रोपसाहेबांची ढाल येणार. ज्या पट्ट्यासाठी पाच वर्षं कोर्ट चाललं, तो पट्टा यंत्र रोज वाटतं आणि कोणी काही म्हणत नाही. मध्ययुगाची हौस म्हणून जगणाऱ्या, १९६६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझमच्या मंडळींनी मात्र ही नस ओळखली. त्यांच्याकडे नवी ढाल नोंदवायची तर आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून बघतात, पुरेशी वेगळी नसली तर परत पाठवतात. संगणकाचा इतका समर्पक उपयोग मी दुसरा पाहिला नाही. ढाल काढायला नव्हे, तिच्यावर हरकत घ्यायला.

इंग्लंडात तर हरकतीसाठी झोपलेलं कोर्ट उठवलं गेलं. मँचेस्टरमधल्या एका नाटकगृहाने मुख्य पडद्याच्या वर नगरपालिकेची ढाल लावली होती. नगरपालिकेने दावा ठोकला तो कोर्ट ऑफ शिव्हलरीत, आणि ते कोर्ट दोनशेहून जास्त वर्षं बसलेलंच नव्हतं. १९५४ मध्ये न्यायमूर्तींना आधी हे ठरवावं लागलं की आपण अस्तित्वात आहोत का. आहोत, असं निघालं. मग निकाल नगरपालिकेच्या बाजूने दिला गेला.

हे वाचून मी बटण सोडलं आणि स्वतःची ढाल विचारपूर्वक केली. आम्ही मोरे. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, तेव्हा शोधाशोध करायची गरजच नव्हती. हेराल्ड्रीत पिसारा फुलवलेल्या मोराला 'आपल्या अभिमानात असलेला मोर' म्हणतात, ते मला फार आवडलं. जमीन सोनेरी, मोर नैसर्गिक रंगात. प्रोग्रामच्या मते मोराचा नैसर्गिक रंग तपकिरी होता. लांडोर काढलीस का म्हणून भाच्याने विचारलं. ते रंग त्याने हाताने भरून दिले. डोळाही मीच थोडा मोठा करायला सांगितला, कारण डीफॉल्ट मोर फार उर्मट बघत होता. इंग्लंडात ड्यूक ऑफ रटलंड यांच्या शिरोभागीही पिसारा फुलवलेला मोर आहे, पण त्यांचा बीव्हर कॅसल आणि आमची सोसायटी ह्यांच्यामध्ये बराच समुद्र आहे.

ढाल छापून, लॅमिनेट करून दारावर पाटीच्या वर लावली. पोस्टमनने पाहिली, दूधवाल्याने पाहिली, गॅसवाल्याने 'शाळा काढली का काका' म्हणून विचारलं. पंधरा दिवस ती नुसतं चित्र होती. मग तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. तिथेही मोरेच राहतात, पण आमचं नातं नाही.

"तो मोर तुम्ही लावलाय, तो कोणत्या हिशेबाने?" त्यांनी विचारलं. "आम्ही जावळीचे. चंद्ररावांच्या घराण्यातले. मोर लावायचाच तर आमच्या दारावर शोभतो."

मी पुरावा मागितला. त्यांनी माझ्याकडे मागितला. प्रकरण आता सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आहे, आणि त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'सदरहू मोराबाबत' असा विषय घेतला आहे. दोन साक्षीदार मी तयार ठेवले आहेत. त्यांतले एक कविताही करतात. तडजोड म्हणून चंदेरी काठ लावा, असं सेक्रेटरींनी खासगीत सुचवून पाहिलं. मी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. काठ नातेवाइकांनी लावायचा असतो.